इमॅक्युलाटा : पहिली चॅम्पियन टीम इतक्या लवकर मागे का पडली

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचं नाव काढलं की आज लोक कनेक्टिकट, टेनेसी, साउथ कॅरोलिना ही नावं घेतात, सगळ्या अवाढव्य युनिव्हर्सिट्या, टीव्हीचा पैसा, भरलेली स्टेडियम. पण एआयएडब्ल्यू म्हणजे तेव्हाची महिला कॉलेज खेळांची संघटना, तिची पहिली नॅशनल चॅम्पियनशिप १९७२ ला झाली आणि ती जिंकली इमॅक्युलाटा कॉलेजने. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, नन्सनी चालवलेलं, फक्त मुलींचं, विद्यार्थिनी काहीशे. आणि एकदाच नाही, १९७२, १९७३, १९७४ असं सलग तीनदा जिंकलं. नंतर दोन वर्षं फायनल हरले, १९७७ ला सेमीफायनलला हरले, आणि मग टॉपला परत कधी दिसलेच नाहीत.

या टीमची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती गोड आहे, गरीब कॉलेज, प्रेक्षकांत बादल्या बडवणाऱ्या नन्स, अशक्य ते शक्य झालं वगैरे. यातलं बरंचसं खरं आहे. पण ते ऐकून दोन गोष्टी कळत नाहीत, एक म्हणजे हे जिंकले नेमके कशामुळे, आणि दुसरं म्हणजे इतक्या पटकन संपले कशामुळे. दुसऱ्या प्रश्नाला एक रेडीमेड उत्तर आहे की टायटल नाइन कायदा (शाळा-कॉलेजात मुलींशी भेदभाव नको सांगणारा) आला, मोठ्या कॉलेजांनी मुलींना स्कॉलरशिप द्यायला सुरुवात केली आणि छोटी कॉलेजं चिरडली गेली. मला हे उत्तर अर्धंच पटतं, कारण तारखा एकाखाली एक मांडल्या की ते नीट बसत नाही. म्हणून हे सगळं जरा डिटेलमध्ये लिहितोय.

१९७० ला काय परिस्थिती होती

त्याआधी बरीच वर्षं मुलींचं बास्केटबॉल म्हणजे मुलांपेक्षा वेगळाच खेळ होता. टीममध्ये सहा जणी, काहींनी फक्त एका अर्ध्यात राहून बचाव करायचा, काहींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बास्केट टाकायची, का तर मुलींना पूर्ण कोर्ट धावणं झेपणार नाही म्हणे. १९६९ पासून पाच जणी आणि पूर्ण कोर्ट असा प्रयोग सुरू झाला, १९७१ ला तो नियम पक्का झाला, सोबत ३० सेकंदांचं शॉट क्लॉक पण आलं, म्हणजे बॉल हातात आला की तेवढ्या वेळात बास्केटकडे टाकायचाच. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण याचा अर्थ असा की १९७१ ला सगळ्या देशातली सगळी कॉलेजं एका अर्थी शून्यावर आली. जुन्या पद्धतीत कोण किती भारी होतं त्याला फारशी किंमत उरली नाही, नवा खेळ जो लवकर शिकेल तो पुढे जाणार.

त्याच सुमारास, १९७० ला, इमॅक्युलाटाने कॅथी रशला कोच म्हणून घेतलं. वय २३. अख्ख्या सीझनचा पगार ४५० डॉलर. तिचा नवरा एड रश एनबीए मध्ये रेफरी होता, त्यामुळे पुरुषांचा प्रोफेशनल खेळ तिने अगदी जवळून बघितलेला, आणि तिथलंच तिने इकडे आणलं. कोर्टभर प्रेस (समोरच्यांना पूर्ण कोर्टावर अडवत राहणं), फास्ट ब्रेक (बॉल मिळताच पळत हल्ला), स्क्रीन लावणं (आपल्या खेळाडूसाठी बचाव करणारीची वाट अडवणं), डिफेन्समध्ये माणूस बदलून घेणं. आज शाळेतल्या टीम पण हे करतात पण तेव्हा मुलींच्या खेळात असं शिकवणारे फार थोडे होते.

कॉलेजकडे धड जिम नव्हतं. जुनं फील्ड हाउस १९६७ ला जळून गेलेलं, त्यामुळे मुली नव्याने दीक्षा घेणाऱ्या नन्सच्या इमारतीच्या तळघरात सराव करायच्या. युनिफॉर्म म्हणजे लोकरीचा ट्युनिक आणि आत ब्लूमर्स, एकच सेट, तोच धुवायचा आणि तोच घालायचा.

आता इथे लोक म्हणतात बघा, काहीच नसताना जिंकल्या. पण हे "काहीच नसताना" मला मान्य नाही. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी त्या वेळी अमेरिकेत बाकी कुणाकडे क्वचितच असेल, ती म्हणजे फिलाडेल्फियाचं कॅथलिक बास्केटबॉल. चर्चच्या पॅरिशमधून कॅथलिक युथ ऑर्गनायझेशनच्या लीग चालायच्या, त्यात मुली सातवी-आठवीपासून खेळायच्या, मग कॅथलिक हायस्कूलची लीग, जिच्यात शाळाशाळांची जबरदस्त चुरस, आणि घरी भावंडांबरोबर ड्राइव्हवेमध्ये खेळणं वेगळंच. म्हणजे देशात बऱ्याच ठिकाणी अठरा वर्षांची मुलगी कॉलेजात येऊन पहिल्यांदा सिरीयसली खेळायला लागायची तेव्हा इथल्या मुलींच्या हाताला पाच-सहा वर्षं बॉल लागलेला असायचा. आणि कॅथलिक घरातल्या मुलीने कॉलेजला जायचं तर आसपास मुलींची कॅथलिक कॉलेजं मोजकीच, घरून जाऊन-येऊन करता येईल अशी तर अजूनच मोजकी. त्यामुळे ही सगळी टॅलेंटची रांग आपोआप दोन-चार कॉलेजांच्या दारात येऊन उभी राहायची. इमॅक्युलाटाला कुणाला शोधायला जावं लागलं नाही, स्कॉलरशिप द्यावी लागली नाही.

टेरेसा शँक हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. जवळपास सहा फूट उंच सेंटर, कार्डिनल ओहारा हायस्कूलची. ती दुसरीकडे शिकायला जाणार होती पण घराला आग लागली, सगळं गेलं, म्हणून घराजवळ राहायचं ठरलं आणि इमॅक्युलाटाला आली. तिच्यासोबत रेने म्यूथ, डेनिस कॉनवे, जॅनेट रुच, आणि मागून मारियान क्रॉफर्ड, जी पॉइंट गार्ड म्हणून त्या काळात अमेरिकेत कुणालाही भारी पडली असती.

१९७२

पहिल्या नॅशनलच्या आधी रीजनल फायनलला इमॅक्युलाटा वेस्ट चेस्टर स्टेटकडून ७०-३८ अशी हरली. बत्तीस पॉइंटने. वेस्ट चेस्टर म्हणजे त्याच काउंटीतलं सरकारी कॉलेज, कॅथी रश स्वतः तिथेच शिकलेली, आणि तिथली कोच कॅरोल एकमन म्हणजे तीच बाई जिने १९६९ ला स्वतःच्या कॉलेजात मुलींची पहिली राष्ट्रीय इन्व्हिटेशनल टुर्नामेंट भरवली होती. म्हणजे लक्षात घ्या, देशातल्या दोन सगळ्यात भारी टीम एकमेकींपासून गाडीने थोड्याच अंतरावर होत्या. हा योगायोग नाही, हा त्या भागाचा बास्केटबॉलचा कसच तसा होता.

रनर-अप म्हणून नॅशनलचं तिकीट मिळालं, सोळा टीममध्ये पंधरावं सीडिंग, म्हणजे ताकदीच्या क्रमात शेवटून दुसऱ्या. टुर्नामेंट इलिनॉयमध्ये नॉर्मल नावाच्या गावात, इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि तिथवर जायला पैसे नाहीत. मुलींनी टूथब्रश विकून पैसे जमवले, कॉलेजने थोडेफार उभे केले, तरी सगळ्यांचं भाडं निघेना म्हणून आठच खेळाडू गेल्या, त्या पण विमानात सीट रिकामी राहिली तर मिळेल अशा स्टँडबाय तिकिटावर. तिथे एकेक करत फायनलला पोचल्या आणि समोर परत वेस्ट चेस्टर. यावेळी ५२-४८, इमॅक्युलाटा. शँकचे २६ पॉइंट, म्हणजे टीमचे अर्धे.

बत्तीसने हरलेली टीम काही दिवसांत चारने जिंकते याला लोक चमत्कार म्हणतात. मला वाटतं त्या रीजनलच्या स्कोअरलाच आपण जास्त वजन देतो. अख्ख्या सीझनचा हिशोब २४ विजय आणि ती एक हार असा आहे. खरी ताकद त्या २४ मध्ये आहे, आणि रशला तीच टीम दुसऱ्यांदा मिळाली, ती काय खेळते हे नुकतंच अंगावर घेतलेलं.

१९७३ ला एकही मॅच हरले नाहीत, २० पैकी २०. सेमीफायनलला सदर्न कनेक्टिकटने जवळपास संपवलेलं पण अगदी शेवटच्या क्षणी शँकने रिबाउंडवरचा बॉल आत टाकला, ४७-४५, आणि मग फायनलला क्वीन्स कॉलेजला त्यांच्याच घरी न्यूयॉर्कमध्ये हरवलं, ५९-५२. बादल्यांची गोष्ट याच काळातली. रेने म्यूथच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथून लोखंडी बादल्या यायच्या आणि नन्स, आईवडील, मैत्रिणी सगळे मिळून त्या बडवायचे. समोरच्या टीमच्या कोचला स्वतःच्या खेळाडूंशी बोलता यायचं नाही इतका आवाज. १९७४ ला कॅन्ससमध्ये मिसिसिपी कॉलेजला ६८-५३ हरवून तिसरी. त्याच सीझनमध्ये क्वीन्सने त्यांची सलग ३५ विजयांची मालिका मात्र तोडली होती.

वर असतानाच खाली यायला सुरुवात

१९७५ हे वर्ष बघा. २६ जानेवारीला मेरीलँडविरुद्धची मॅच नॅशनल टीव्हीवर दाखवली गेली, महिला कॉलेज बास्केटबॉलची पहिलीच, आणि इमॅक्युलाटाने मेरीलँडसारख्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीला ८०-४८ असं धुतलं. २२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्सविरुद्ध मॅच, तिथे महिला कॉलेजांची पहिलीच मॅच, ११,९६९ प्रेक्षक, इमॅक्युलाटा ६५-६१. प्रसिद्धीच्या दृष्टीने हा शिखराचा क्षण. आणि पुढच्याच महिन्यात फायनलला डेल्टा स्टेटने ९०-८१ हरवलं. १९७६ ला परत तेच, डेल्टा स्टेट, ६९-६४.

इथेच ते रेडीमेड उत्तर अडतं. डेल्टा स्टेट काही अवाढव्य युनिव्हर्सिटी नव्हती. मिसिसिपीतल्या क्लीव्हलँड गावातलं छोटं सरकारी कॉलेज. त्यांच्या कोच मार्गारेट वेड स्वतः तिथेच खेळायच्या, १९३२ ला कॉलेजने मुलींची टीमच बंद केली, आणि १९७३ ला टीम परत सुरू झाली ती त्यांच्याच हाताखाली. म्हणजे एक्केचाळीस वर्षं टीम नाही आणि सुरू झाल्यावर दुसऱ्याच सीझनला नॅशनल चॅम्पियन. कारण एक मुलगी, लुसिया हॅरिस, सहा फूट तीन इंच, डेल्टा भागातल्या शेतकरी घरातली. १९७५ च्या फायनलला तिने ३२ पॉइंट टाकले. पुढे १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आलं तेव्हा त्या स्पर्धेतली पहिली बास्केट तिचीच.

तर १९७५ ची हार पैशाची नाही. ती इमॅक्युलाटाच्या रांगेच्या मर्यादेची आहे. जी रांग आपोआप दारात येत होती ती ठराविक अंतरातल्या, ठराविक शाळांतल्या, एका धर्माच्या मुलींचीच होती. त्यात उत्तम गार्ड दरवर्षी मिळतील, पासिंग मिळेल, डिफेन्स मिळेल, पण सहा फूट तीन इंचाची लुसिया हॅरिस काही मिळणार नाही. मिसिसिपीत तशी एक मुलगी मिळाली आणि तीन वर्षं तिला कुणी अडवू शकलं नाही. शँक १९७४ ला पास होऊन गेली आणि तिच्या जागी शँकसारखी दुसरी आली नाही, एवढंच बघितलं तरी १९७५ समजतं.

दुसरं कारण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं आणि त्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात. आजूबाजूची पुरुषांची कॉलेजं मुलींसाठी उघडली. जवळचं व्हिलानोव्हा १९६८ ला, फिलाडेल्फियातलं सेंट जोसेफ्स १९७० ला, रटगर्स कॉलेज आणि नोत्र दाम १९७२ ला. म्हणजे इमॅक्युलाटा पहिली चॅम्पियनशिप जिंकत होती तेव्हाच तिच्या दारातली रांग फुटायला सुरुवात झाली होती. आधी कॅथलिक मुलीला पर्याय कमी होते म्हणून ती इकडे यायची. ती कमी पर्याय असण्याची परिस्थिती चांगली होती असं कुणी म्हणणार नाही, पण या टीमचा पाया त्या परिस्थितीवर उभा होता हे मान्य करावंच लागतं.

आणि तिसरं, आता येतो कायदा. टायटल नाइनवर सही झाली २३ जून १९७२ ला, इमॅक्युलाटाच्या पहिल्या विजयानंतर तीन महिन्यांनी. नियमावली १९७५ ला आली, पालन करायची मुदत १९७८. मधल्या काळात अजून एक गोष्ट झाली, एआयएडब्ल्यूने सुरुवातीला खेळाच्या स्कॉलरशिपला बंदीच घातली होती, त्यांचं म्हणणं की पुरुषांच्या खेळातला खेळाडू विकत घेण्याचा बाजार मुलींच्या खेळात नको. फ्लोरिडातल्या मेरीमाउंट कॉलेजच्या टेनिसवाल्यांनी कोर्टात केस टाकली आणि १९७३ ला संघटनेला बंदी उठवावी लागली. मला एआयएडब्ल्यूच्या त्या बायकांचा मुद्दा समजतो, आज जे चाललंय ते बघता त्यांची भीती खोटी पण नव्हती. पण मुलांना फुकट शिक्षण आणि मुलींना तत्त्वज्ञान हे काही टिकणारं नव्हतं.

आता कायद्याचं काम कसं चालतं ते बघा. मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी द्या. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीत मुलांच्या बास्केटबॉलला जे मिळतं त्याकडे बोट दाखवून मुली म्हणू शकतात की आम्हालाही द्या. इमॅक्युलाटात बोट दाखवायचं कुणाकडे? तिथे मुलांची टीमच नाही, मुलंच नाहीत. मुलांच्या फुटबॉलचं तिकीट नाही, त्याचा पैसा नाही, त्याचं जिम नाही. जो कायदा मुलींच्या खेळाला वर खेचत होता त्याची दोरी पुरुषांच्या बजेटला बांधलेली होती, आणि फक्त मुलींच्या कॉलेजाला धरायला दोरीच नव्हती. १९७८ ला यूसीएलए चॅम्पियन झाली, त्यांच्या टीममध्ये अ‍ॅन मायर्स, फुल स्कॉलरशिप मिळवणाऱ्या पहिल्या मुलींपैकी. तिथून पुढे मात्र ते रेडीमेड उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त तोवर इमॅक्युलाटाच्या दोन फायनल हरून झाल्या होत्या.

कॅथी रशने १९७७ ला सोडलं. सात सीझन, १४९ विजय, १५ पराभव, सलग सहा वर्षं शेवटच्या चारमध्ये. ती गेली म्हणून टीम संपली असं म्हणणारे आहेत, पण हरायला लागले ते ती असतानाच. ती राहिली असती तर घसरण जरा हळू झाली असती, इतकंच मी म्हणेन.

रांग कुठे गेली

याचा पुरावा म्हणून १९८२ ची एक मॅच सांगतो. त्या वर्षी एनसीएएने, म्हणजे पुरुषांच्या कॉलेज खेळांच्या मोठ्या संघटनेने, पहिल्यांदा महिलांची स्वतःची चॅम्पियनशिप भरवली, मोठ्या टीम बहुतेक तिकडे गेल्या, आणि एआयएडब्ल्यूची ती शेवटची ठरली. शेवटची फायनल झाली फिलाडेल्फियात, पॅलेस्ट्रा नावाच्या जुन्या प्रसिद्ध हॉलमध्ये, रटगर्स विरुद्ध टेक्सस. रटगर्स ८३-७७ जिंकली. रटगर्सची कोच कोण? टेरेसा शँक, आता टेरेसा ग्रेन्ट्झ, १९७६ पासून तिथे फुल-टाइम. आणि टीममध्ये कोण? जून ओल्कोव्स्की, कॉयल जुळ्या बहिणी, फिलाडेल्फियाच्या कॅथलिक शाळांतल्या मुली. दहा वर्षांपूर्वी याच मुली कदाचित इमॅक्युलाटाला गेल्या असत्या. एआयएडब्ल्यूची पहिली आणि शेवटची, दोन्ही चॅम्पियनशिप एकाच शहराच्या त्याच शाळांमधून आलेल्या मुलींनी जिंकल्या, एकदा शँक सेंटर म्हणून आणि एकदा कोच म्हणून. कॉलेज बदललं, मुली तिथल्याच.

मारियान क्रॉफर्ड म्हणजे नंतरची मारियान स्टॅनली, तिने कोच म्हणून ओल्ड डोमिनियन युनिव्हर्सिटीला १९७९, १९८० ला एआयएडब्ल्यूची आणि परत १९८५ ला एनसीएएचं अशी तीन टायटल मिळवून दिली. ग्रेन्ट्झ १९९२ च्या ऑलिम्पिकला अमेरिकेची कोच होती. रेने म्यूथ (नंतरची रेने पोर्टलंड) १९८० ते २००७ पेन स्टेट युनिव्हर्सिटीची कोच होती, आणि तिच्याबद्दल लिहिताना हे पण लिहायलाच हवं की टीममध्ये लेस्बियन मुली नकोत हे तिचं धोरण तिने उघडपणे सांगितलेलं, जेनिफर हॅरिस या खेळाडूने भेदभावाची केस केली, ती कोर्टाबाहेर मिटली आणि त्यानंतर रेनेने राजीनामा दिला. इमॅक्युलाटाच्या गोडगोड गोष्टीत हे कुणी घेत नाही. पण त्या शाळांमधून, त्या चर्चच्या वातावरणातून शिस्त आणि जिद्द जशी पुढच्या टीमांमध्ये गेली तशीच ही बाजू पण गेली, आणि ज्या मुलींना तिने टीममधून घालवलं त्यांचं जे नुकसान झालं ते कुठल्याच ट्रॉफीने भरत नाही.

कॉलेजने वेगळं काय करायला हवं होतं

केस म्हणून बघितलं तर १९७५ च्या आसपास कॉलेजपुढे तीन रस्ते होते. कर्ज काढून स्कॉलरशिप द्यायच्या, मुलांना प्रवेश द्यायचा, किंवा जसं आहे तसं चालू द्यायचं. नन्सनी तिसरा घेतला. काळाच्या ओघात टीम डिव्हिजन थ्रीला गेली, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायचीच नसते. मुलांना प्रवेश मिळाला तो थेट २००५ ला. २०१४ ला १९७२ ते १९७४ ची अख्खी टीम नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-यादीत, गेली, कॅथी रश त्याआधी २००८ ला.

बरेच फॅन म्हणतात की पहिला रस्ता घ्यायला हवा होता, तीन टायटल हातात असताना देशभरातून मुली आल्या असत्या. मला नाही वाटत. काहीशे विद्यार्थिनींच्या फीवर चालणाऱ्या कॉलेजात बारा-पंधरा जणींचं फुकट शिक्षण म्हणजे बाकीच्या मुलींच्या फीमधून ते भरायचं, ज्यांच्या घरी पैसा असा पण कमीच होता. आणि एवढं करून सुद्धा टेनेसी, टेक्सससारख्यांनी पैसा ओतायला सुरुवात केल्यावर चार-पाच वर्षांच्या वर टिकले नसते, डेल्टा स्टेटचं उदाहरण समोर आहे, १९७७ नंतर ते पण एआयएडब्ल्यूचं टॉपचं टायटल परत जिंकले नाहीत. मुलांना १९७५ ला घेतलं असतं तर कदाचित दोरी मिळाली असती, पण मग शेजारच्या व्हिलानोव्हाशी मुलांसाठी पण स्पर्धा आणि मुलींसाठी पण. नन्सनी जे केलं ते त्यांच्या परिस्थितीत बरोबरच होतं असं माझं मत आहे, आणि ज्यांना वाटतं की टीम वाचवता आली असती त्यांनी आधी हे सांगावं की तो पैसा त्या कॉलेजात नक्की कुठून येणार होता.